दोन आकड्यांत न मावणारे ताट

पहिली ते पाचवीतल्या मुलाला शाळेत दुपारी किती जेवण मिळावे, याचे माप पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत ठरलेले आहे: 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 किलोकॅलरी ऊर्जा आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळाली की निकष पूर्ण झाला. हे माप तपासून पाहणे अवघड नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. ते समोर घ्यायचे आणि बेरीज करायची. 100 ग्रॅम तांदळातून 356 किलोकॅलरी आणि जवळपास 8 ग्रॅम प्रथिने येतात, 20 ग्रॅम तूरडाळीतून 66 किलोकॅलरी आणि सव्वाचार ग्रॅम प्रथिने, तेलातून 45 किलोकॅलरी, भाजीतून थोडेफार. सगळे मिळून 480 किलोकॅलरी आणि 13 ग्रॅम प्रथिने. ताट पास झाले. आता याच ताटातले कॅल्शियम मोजू. तांदळातून सात-आठ मिलिग्रॅम, डाळीतून 14, भाजी लाल भोपळ्याची असेल तर त्यातून दहा-अकरा; बेरीज 35 सुद्धा भरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दुपारच्या जेवणाने दिवसाच्या गरजेचा तिसरा वाटा उचलावा अशी माफक अपेक्षा धरली तरी 217 मिलिग्रॅम हवे. लोहाची गरज 15 मिलिग्रॅम, तिचा तिसरा वाटा 5. साध्या तांदळाच्या या ताटात लोह 2 मिलिग्रॅमच्याही आत राहते. ज्या ताटाला आपण पूर्ण म्हणून नोंदवहीत लिहितो, ते तिसरा आणि चौथा आकडा विचारताच नापास होते.

यात स्वयंपाकी ताईंचा दोष नाही, मुख्याध्यापकांचा नाही आणि योजना आखणाऱ्यांच्या हेतूत तर मुळीच खोट नाही. ही योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडत असे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि चित्र पालटले. उपाशी मूल वर्गात बसू नये, ही त्या काळाची निकड होती. तिच्यासाठी ऊर्जा आणि प्रथिने हे दोन आकडे पुरेसे होते. आजची निकड त्याहून खोल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. हीच मुले पुढे पहिलीत येतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या पोटात भात पडतो, पण हाडांना आणि रक्ताला जे लागते ते पडत नाही. जानेवारी 2023 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातले निकष सुधारले गेले आणि त्यात कॅल्शियम, लोह, जस्त, फोलेट, अ जीवनसत्त्व यांची भर पडली, हे चांगले झाले. पण निकष वाढले म्हणजे ताट आपोआप बदलत नाही. दोन आकडे सांभाळणे अनुभवी माणसाला अंदाजाने जमते. आठ-दहा आकडे, त्यात बाजारभाव, हंगाम, मुलांची आवड आणि चुलींची संख्या, हे सारे एकाच वेळी अंदाजाने सांभाळणे कुणालाच जमणार नाही. त्यासाठी गणिती प्रारूप लागते. शाळेच्या जेवणाची आखणी आता अशा प्रारूपाच्या आधारे व्हावी, आणि त्यातून निघणारा तुटीचा आकडा सरकारने दडवू नये, असे माझे म्हणणे आहे. यातला दुसरा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

हे गणित नवे नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये प्रश्न मांडला होता: 77 अन्नपदार्थांचे भाव आणि त्यांतले नऊ पोषक घटक माहीत असतील, तर एका प्रौढ माणसाच्या वर्षभराच्या गरजा कमीत कमी किती खर्चात भागतील? त्यांनी तर्काने आणि चिकाटीने उत्तर काढले, 1939 च्या भावांनी 39.93 डॉलर. दोन वर्षांनी जॉर्ज डँटझिग यांनी लिनियर प्रोग्रॅमिंगची सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची परीक्षा घ्यायला हाच प्रश्न निवडला गेला. हाताने फिरवायच्या गणनयंत्रांवर नऊ कारकून बसले, मिळून 120 माणूस-दिवस खर्ची पडले, आणि उत्तर आले 39.69 डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज अवघ्या 24 सेंटांनी चुकला होता. आज तेच उदाहरण साधा लॅपटॉप क्षणात सोडवतो, आणि लिनियर प्रोग्रॅमिंग आपल्याकडे बारावीच्या गणितात शिकवले जाते. स्टिगलर यांच्या यादीत शेवटी पाचच वस्तू उरल्या होत्या: गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. असे कुणी वर्षभर जेवू शकणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. गणिताला जेवढे सांगाल तेवढेच ते ऐकते. माणसाला एकच भाजी रोज नको असते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते.

ही पद्धत आपल्या गावोगावी पोहोचली आहे, फक्त मुलांच्या ताटापर्यंत पोहोचलेली नाही. कोंबड्यांचे खाद्य बनवणारे कारखाने मका, सोयापेंड आणि खनिजे यांचे प्रमाण कित्येक वर्षे याच गणिताने ठरवतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा पशुआहार संतुलन कार्यक्रम तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. 2011-12 पासूनच्या राष्ट्रीय डेअरी योजनेत तो राबवला गेला आणि महाराष्ट्र त्यात होता. गावातलीच एक प्रशिक्षित व्यक्ती गोठ्यात येते, मापपट्टीने गाईच्या वजनाचा अंदाज घेते, दूध किती, फॅट किती, गाय गाभण आहे का हे नोंदवते, शेतकऱ्याकडे कोणता चारा आणि कोणती पेंड आहे ते विचारते, आणि त्या गाईला त्या भागात मिळणाऱ्या वस्तूंतून कमी खर्चात पुरा पडेल असा आहार संगणक काढून देतो. कॅल्शियम आणि फॉस्फरससुद्धा त्यात मोजले जातात. जनावरासाठी हे केले यात काहीच वावगे नाही. उलट हे काम देशाने उत्तम केले. पण गाईच्या गव्हाणीत किती कॅल्शियम पडते हे ज्या राज्यात मोजता येते, त्या राज्यातल्या मुलाच्या ताटातले कॅल्शियम न मोजण्याला तांत्रिक कारण उरत नाही. उरते ते एवढेच, की गाईच्या आहाराचा परिणाम संध्याकाळी दुधाच्या कॅनमध्ये दिसतो आणि मुलाच्या आहाराचा परिणाम वीस वर्षांनी.

प्रारूप नेमके काय करते, ते वरच्या ताटावरच पाहू. शंभर ग्रॅम तांदळातले 30 ग्रॅम काढून तेथे नाचणी घातली, तर नाचणीत 100 ग्रॅममागे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याने एका फटक्यात 109 मिलिग्रॅमची भर पडते. भाजीच्या 50 ग्रॅमपैकी 20 ग्रॅम शेवग्याचा पाला धरला तर आणखी 63. पाच ग्रॅम तिळाची चटणी दिली तर सुमारे 60. आता बेरीज 250 च्या पुढे जाते, लोह सव्वाचारच्या घरात येते, ऊर्जा 500 किलोकॅलरी आणि प्रथिने साडेचौदा ग्रॅम. यातला एकही पदार्थ महाराष्ट्राला परका नाही. 2024 साली शासनाने शाळेच्या जेवणासाठी 15 पाककृती ठरवल्या, तेव्हा त्यांत मूग-शेवगा वरण-भात होता, मोड आलेल्या मटकीची उसळ होती, नाचणीचे सत्त्व होते. यादी करणाऱ्यांनी विचार केला होता, हे उघड आहे. पण शेवगा म्हणजे शेंग की पाला? शेंगेत कॅल्शियम पाल्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढेच असते. वरणात शेंगा पडल्या तर चव उत्तम येते, कॅल्शियम मात्र जागच्या जागी राहते. पाककृतीच्या नावाकडे पाहून हा फरक कळत नाही, आकड्यांकडे पाहिल्यावर कळतो. ज्या शाळांत परसबाग आहे, तेथे शेवग्याची चार झाडे लावून पाला वापरायचा की शेंगा बाजारातून आणायच्या, असा अगदी जमिनीवरचा निर्णय त्यातून घेता येतो. शिवाय जिल्हा बदलला की उत्तर बदलते. सिंधुदुर्गात नाचणी, अहिल्यानगरला बाजरी, सोलापुरात ज्वारी. गडचिरोलीत भात हेच मुख्य अन्न, तेव्हा तेथे डाळी, रानभाज्या आणि मासळीकडे वळावे लागेल. सगळ्या राज्याला एकच पाककृती-यादी द्यायची ही सवय कागदपत्रांच्या सोयीची आहे, मुलांच्या सोयीची नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तेथेच आहे. धान्य केंद्राकडून येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी 1 मे 2025 पासून प्राथमिक वर्गातल्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी 10 रुपये 17 पैसे असा दर आहे. हिशेबाला सोपे म्हणून डाळ 120 रुपये किलो, तेल 140 आणि भाजी सरासरी 40 रुपये किलो धरू. डाळीचे 2 रुपये 40 पैसे, तेलाचे 70 पैसे, भाजीचे 2 रुपये. उरले 1 रुपया 68 पैसे. त्यात मीठ, हळद, तिखट, मोहरी आणि गॅस. तीळ 200 रुपये किलो धरले तर 5 ग्रॅमचा रुपया गेला आणि हाती 68 पैसे राहिले. अंड्याचा तर विचारच करायला नको, कारण बाजारातल्या एका अंड्याची किंमत जवळजवळ त्या मुलाच्या पूर्ण दिवसाच्या तरतुदीएवढी आहे. येथे प्रारूप एक अत्यंत मोलाची गोष्ट करते. दिलेल्या पैशांत सगळे निकष बसत नसतील, तर ते कसेबसे उत्तर जुळवून देत नाही, उत्तर नाही असे स्पष्ट सांगते. आणि निकष पूर्ण करायला आणखी किती पैसे लागतील, त्यातले किती कॅल्शियममुळे, किती लोहामुळे, हेही सांगते. अर्थशास्त्रात याला छाया किंमत म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांच्या आहारासाठी तयार करून घेतलेल्या ऑप्टिफूड या साधनाचा मुख्य उपयोगही हाच आहे: स्थानिक पदार्थ कितीही हुशारीने जुळवले तरी कोणते घटक कमीच पडतात, हे ते दाखवून देते. अनेक देशांत ते घटक लोह, जस्त आणि कॅल्शियम हेच निघाले आहेत.

या कसोटीवर आपल्याकडचा अंड्याचा निर्णय तपासून पाहावा. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये अंडी आणि गोड पदार्थांना लागणारी साखर यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी हवे तर लोकसहभागातून ते करावे, असे ठरले. त्यावर जी चर्चा झाली ती शाकाहार-मांसाहाराच्या वाटेने गेली आणि तेथेच अडकली. ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी होती तो कुणी विचारलाच नाही: अंडे काढले तर ताटातून नेमके काय गेले? सहा-सात ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने गेली, अ जीवनसत्त्व गेले आणि वनस्पतिजन्य अन्नातून न मिळणारे बी-12 गेले. हे दुसऱ्या कशातून भरायचे? दुधातून भरायचे तर किती दूध, त्याला किती रुपये, ते तालुक्याच्या शेवटच्या शाळेत न नासता पोहोचेल का? प्रारूप चालवले असते तर या प्रश्नांची उत्तरे शासन निर्णयासोबत जोडता आली असती. केळे हे चांगले फळ आहे, पण बी-12 च्या बाबतीत ते अंड्याची जागा घेऊ शकत नाही. लोकसहभागाचे म्हणाल तर, ज्या गावात मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच गावात वर्गणी जमण्याची शक्यता सर्वांत कमी. तामिळनाडू 2010 पासून शाळेच्या आठवड्यातल्या पाचही दिवशी अंडे देते. कर्नाटकात 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहा दिवस अंडी सुरू झाली. तेथे पैसे कुठून तरी उभे केले गेले. आपल्याकडे ते का उभे राहिले नाहीत याची कारणे असतीलही, पण काटकसरीची किंमत मुलाच्या शरीरात किती पडते हा आकडा समोर असता तर निर्णय घेणाऱ्यांना तो इतक्या सहज घेता आला नसता.

प्रारूपाने जेवण आखण्यावर पहिला आक्षेप येतो तो असा की जेवण म्हणजे आकडे नव्हेत. चव असते, सवय असते, सणवार असतात, आणि मुलाने ताट बाजूला सारले तर कागदावरचे सारे मिलिग्रॅम खरकट्यात जातात. आक्षेप अगदी खरा आहे, आणि स्टिगलर यांच्या पाच वस्तूंच्या यादीने तो 1945 मध्येच सिद्ध केला होता. पण गणिताच्या या शाखेने पुढच्या काळात तेच शिकून घेतले. 1960 च्या दशकात जोसेफ बालिंटफी यांनी रुग्णालयांच्या जेवणाची आखणी संगणकावर आणली, तेव्हा सुट्या वस्तूंऐवजी पूर्ण पदार्थ हे एकक धरले आणि एकच पदार्थ पुन्हा किती दिवसांनी यावा याचीही अट घातली. आपल्याकडे हेच करावे लागेल. संगणकाला अमुक ग्रॅम नाचणी असे न विचारता, मसालेभात, मुगाची खिचडी, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी यांतून सहा दिवसांची मांडणी मागायची. एकच डाळ सलग दोन दिवस नको, शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून झटपट होणारे काही हवे, दोनच शेगड्या आहेत तेव्हा दोनपेक्षा जास्त भांडी एका वेळी नकोत, अशा अटी घालायच्या. भाकरीचेच घ्या: दोनशे मुलांच्या भाकऱ्या दोघींनी थापायच्या म्हटले तर दुपार होईल. ही अट कुठल्याही पोषणतक्त्यात सापडणार नाही. ती स्वयंपाकी ताईच सांगू शकतील, म्हणून प्रारूप मांडताना त्यांना समोर बसवले पाहिजे. आवडीबद्दल स्वीडनमधला अनुभव आश्वासक आहे. कारोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी लिनियर प्रोग्रॅमिंगने शाळेचा चार आठवड्यांचा मेनू काढला. पोषणाचे निकष सांभाळून त्यात हरितगृह वायूंचे उत्सर्जन 40 टक्क्यांनी आणि खर्च 11 टक्क्यांनी कमी झाला होता. तो प्रत्यक्ष शाळांत वाढला गेला, आणि मुलांच्या खाण्यात, समाधानात किंवा टाकून दिलेल्या अन्नात लक्षणीय फरक पडला नाही. स्वीडनच्या शाळेचे स्वयंपाकघर आणि आपल्या वाडीवरची शाळा यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. पण गणिताने आखलेले जेवण मुले खात नाहीत, हा समज तरी त्याने खोटा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि पोषणशास्त्राचे जाणकार तो घेतात. ताटात असलेले लोह आणि रक्तात पोहोचलेले लोह यांत मोठे अंतर असते. बाजरीतले फायटेट, नाचणीतले टॅनिन शोषणाला आडवे येतात. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर शोषण वाढते. पोटात जंत असतील तर सगळाच हिशेब कोलमडतो. तक्त्यातले आकडे सरासरीचे, जमीन आणि वाणाप्रमाणे बदलणारे. हे सगळे खरे असले तरी त्याचा निष्कर्ष मोजणे सोडून द्यावे असा निघत नाही, थोडे राखून मोजावे असा निघतो. शिफारशींचे आकडे ठरवतानाच शोषण कमी होते हे गृहीत धरलेले असते. भिजवणे, मोड आणणे, लिंबाची फोड देणे या गोष्टी अटी म्हणून घालता येतात. शिवाय धान्य बदलल्याचा परिणाम रक्तात दिसतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. लोहाचे प्रमाण वाढवलेला बाजरीचा धनशक्ती हा वाण 2012 मध्ये आपल्या राज्यासाठी प्रसारित झाला. 12 ते 16 वर्षांच्या मुलांना त्याची भाकरी रोज खायला देऊन केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये ती भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटापेक्षा दीडपटीहून जास्त दिसली. कुणी म्हणेल, 2021 नंतर लोह मिसळलेला तांदूळ योजनेत आला, मग हा खटाटोप कशाला? त्या तांदळात किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असावे असा निकष आहे, म्हणजे 100 ग्रॅममागे तीन-चार मिलिग्रॅमची भर पडते. लोहाचा आकडा बराच सुधारतो. पण कॅल्शियम तसेच राहते, जस्ताची हमी नाही, अ जीवनसत्त्व तर भाजीतूनच यायचे. एका घटकाची तूट भरली की बाकीच्यांकडे दुर्लक्ष होते, हीच तर दोन आकड्यांच्या निकषाची गोष्ट होती.

तिसरी भीती मला सर्वांत खरी वाटते. कमीत कमी खर्च शोधणारी पद्धत सरकारच्या हाती दिली, तर ती खर्च कापायलाच वापरली जाईल. सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांतही सगळे बसते असे दाखवायला कुणी अटी सैल करील, भाव कमी धरील, एखादा निकष हळूच गाळील. हे घडू शकते. गणित स्वतः प्रामाणिक असते, त्यात घातलेले आकडे नेहमीच तसे असतात असे नाही. म्हणून क्रम ठरवून घ्यावा लागेल: आधी मुलाची गरज, मग त्या गरजेला लागणारा कमीत कमी खर्च. आधी पैसा ठरवून त्यात गरज कोंबायची नाही. आणि प्रारूपाचा प्रत्येक आकडा, धरलेले भाव, निकष, पदार्थांची यादी, सारे खुले असावे. पालकांना, शाळा व्यवस्थापन समितीला, पत्रकारांना, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ते स्वतः चालवून पाहता यावे. आज पाककृती ठरतात तेव्हा त्यामागचा हिशेब कुणाला दिसत नाही, त्यामुळे कापाकापी झाली तरी ती ताटात उतरेपर्यंत कळत नाही. खुल्या प्रारूपात भाव कमी धरला तर बाजारात जाणारी कुठलीही गृहिणी तो पकडील.

शिक्षकांवर आणखी एक ओझे नको, हे म्हणणे मात्र वादाशिवाय मान्य करायला हवे. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ॲपवरची रोजची उपस्थिती, चव नोंदवही, धान्यादी मालाचा हिशेब यांत शिकवण्याचा वेळ आधीच जातो. प्रारूप शाळेने चालवायचे नाहीच. ते जिल्हा पातळीवर चालवायचे, महिन्यातून एकदा भाव बदलायचे, आणि शाळेला दोन-तीन तयार आठवडे द्यायचे ज्यांतला कोणताही निवडला तरी निकष पाळले जातील. शाळेने एवढेच कळवायचे की कोणत्या दिवशी अन्न उरले. तेवढी एक नोंद पुढच्या महिन्याची मांडणी सुधारायला पुरते.

त्यासाठी नवी संस्था काढायला नको. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथे कृषी विद्यापीठे आहेत. परभणीला सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय आहे, जेथे अन्न आणि पोषण हा विषय शिकवला जातो. पिके, भाव, खाणे आणि सांख्यिकी या चारही गोष्टी जाणणारी माणसे त्यांच्याकडे आहेत. येत्या शैक्षणिक वर्षात तीन जिल्हे घ्यावेत, भात खाणारा गडचिरोली, बाजरीचा अहिल्यानगर आणि नाचणीचा सिंधुदुर्ग. जूनमध्ये प्रत्येक जिल्ह्यातल्या स्वयंपाकी ताई, पुरवठादार आणि आरोग्य कर्मचारी यांच्याकडून अटी गोळा कराव्यात, दिवाळीनंतर मेनू शाळांत सुरू करावेत, उरलेले अन्न मोजावे, मुलांची वजन-उंची आणि हिमोग्लोबिनची नोंद आधी आणि नंतर घ्यावी. आणि प्रत्येक जिल्ह्यात पूर्ण ताटाला मुलामागे खरोखर किती रुपये लागतात, आजच्या दरापेक्षा ते किती जास्त आहेत, हा आकडा मार्चच्या अधिवेशनाआधी विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. अंड्याचे पैसे राज्याने द्यायचे की गावाने, यावर आमदारांनी तो आकडा हातात घेऊन मत द्यावे.